देवघर नावाचा फोल्डर

"मृदुला, हे घे तुझं ते बोटुक. वर म्हणतायत, वाचता येतंय पण लिहिता येत नाही."

आईंनी बटव्यातून सुपारीबरोबर पेनड्राइव्ह काढला आणि माझ्या हातावर ठेवला. त्याला कात लागला होता. त्या दिवसातली ही त्यांची जिन्यावरची चौथी खेप होती. गुडघे धरून त्या पायरीवरच टेकल्या.

"म्हणजे काय ग? विसूला लिहिता येत नाही? पंचवीस वर्षं लग्नपत्रिका करतोय तो!"

"त्यांना येतं हो आई. त्यांच्या कॉम्प्युटरला ह्या पेनड्राइव्हवर लिहिता येत नाही. ह्याची घडण आमच्या क्लासच्या मशीनची आहे."

"मग त्यांच्या घडणीचं दे."

"ते दिलं तर खाली श्रीरंगच्या मशीनला उघडत नाही."

"आणि दोघांना चालेल असं?"

"ते आहे, पण त्यात मोठी फाइल मावत नाही."

आईंनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की कॉम्प्युटर क्लासमध्ये नऊ वर्षं शिकवून मी काय दिवे लावले, असं मला वाटून गेलं. "तुझी ही यंत्रं," त्या म्हणाल्या, "अगदी ह्या घरातलीच शोभतायत."

खोटं नव्हतं ते. कऱ्हाडातलं आमचं घर दुमजली. वर मोठे भाऊजी, म्हणजे विश्वंभर, आईंचा विसू, आणि कुंदावहिनी. खाली मी, माझा नवरा श्रीरंग आणि आई. मधे आतला जिना, त्याच्या चौथऱ्यावर वरच्यांचं दार. आणि त्या दारातून गेले आठ महिने दोघा भावांचा एक शब्द वर-खाली झालेला नव्हता.

कारण स्कूटर. बाबा गेल्यापासून त्यांची ती अंगणात गंजत पडलेली. श्रीरंग कॉलेजच्या कामाला चार दिवस पुण्याला गेला आणि भाऊजींनी ती भंगारवाल्याला देऊन टाकली. विचारलं नाही की सांगितलं नाही. श्रीरंग आला, रिकामी जागा बघितली आणि जे काही बोलला ते मी लिहीत नाही. भाऊजींनीही हातचं राखलं नाही. तेव्हापासून दोघांच्या तोंडाला कुलूप. आम्ही बायका मात्र भाजीच्या वाट्या वर-खाली पाठवत होतो. वाटी वर रिकामी कधी गेली नाही आणि खालीही रिकामी आली नाही.

नवरात्रात भाऊजींनी कुंदावहिनींकरवी निरोप धाडला: आईचा पंचाहत्तरीचा कार्यक्रम रविवारी पार पडला की सोमवारी मिस्त्री येणार. बाहेरून नवा जिना निघणार आणि चौथऱ्यावरचं दार विटा लावून बंद होणार.

आईंनी तो निरोप ऐकला तेव्हा त्या मोदकपात्र घासत होत्या. घासतच राहिल्या. मग म्हणाल्या, "दार बंद झालं तर वाट्या रस्त्यावरून न्यायच्या का ग?" आणि पदर डोळ्याला लावला. मला इतकं तुटलं आतून, की ठरवूनच टाकलं. माणसं बोलत नाहीत ना, निदान यंत्रांना तरी बोलायला लावते. कार्यक्रमात आईंवरची छोटी फिल्म दाखवायची होती. जुने फोटो सगळे खाली, ते स्कॅन करणार श्रीरंग. फिल्म करणार भाऊजी, वरच्या मॅकवर. एका कामात दोघांचे हात लागतील, तर लागलेले हात सुटायला वेळ लागेल, असा माझा हिशेब.

पण अडचण होती ती दोघांच्या भक्तीची. भाऊजींचा मॅक म्हणजे त्यांचं दैवत, त्याला इतर कुणाचा विटाळ नको. श्रीरंग फिजिक्सचा प्राध्यापक आणि लिनक्सवाला. "विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरवर मी माझ्या आईचा फोटो उघडणार नाही," असं बोलणारा माणूस. माझा लॅपटॉप क्लासचा, विंडोजचा. आणि आईंकडे पुण्याच्या नणंदेनं दिलेला टॅबलेट, ज्यावर त्या पत्ते खेळत. एका घरात चार पंथ!

दसऱ्याला सकाळी मी क्लासमधलं मोडीत निघालेलं मशीन आणलं आणि जिन्याच्या चौथऱ्यावर, नेमकं त्या दारापाशी, स्टुलावर मांडलं. वाय-फायचा डबा तिथंच होता. दोन तास खपून एक फोल्डर असा केला की चारही पंथांना तो आपापल्या पडद्यावर दिसेल, उघडेल आणि त्यात लिहिताही येईल. कोण कुठल्या घडणीचं, ही भानगड चौथऱ्यावरच्या मशीननं आपल्या पोटात घालायची. वर काय, खाली काय, सगळ्यांना तेच एक.

आई आल्या. शस्त्रपूजेचं ताट हातात होतंच. मशीनला हळदकुंकू, झेंडूचं फूल, आपट्याचं पान. "ह्याचं नाव काय ठेवलंस?"

नाव ठेवलं नव्हतं. पण समोर ताट, निरांजन... मी टाइप केलं: देवघर.

म्हटलं, ह्या घरात देवघरापुढं कुणी आवाज चढवत नाही. फोल्डरातही नाही चढवणार.

श्रीरंगनं विचारलं, "परमिशन काय दिल्यास? कोणाला वाचायची, कोणाला लिहायची, कोणाला पुसायची?"

"सगळ्यांना सगळी."

"पासवर्ड?"

"आपल्या घरात कधी कपाटाला कुलूप लागलंय का?"

क्लासमध्ये मी पोरांना पहिल्या दिवशी घोकून घेते की सगळ्यांना सगळी परमिशन कधी देऊ नये. आणि घरी येऊन मी काय केलं? पण खरंच, आमच्याकडे कपाटाला किल्लीच नव्हती. बाबांच्या वेळेपासूनची पद्धत. घरातल्या घरात कुलूप लावणं म्हणजे समोरच्याला चोर म्हणणं.

दुपारी मी आईंना टॅबलेटवर देवघर उघडून दिलं. बोट दाबून धरायचं, बरोबरची खूण उमटते, मग हवं तिकडं हलवायचं. एकदा दाखवलं, दुसऱ्यांदा त्यांनी मला करून दाखवलं. नऊ वर्षांत अशी विद्यार्थिनी मिळाली नव्हती, शप्पथ. संध्याकाळी श्रीरंगनं एकशेचाळीस फोटो देवघरात टाकले. तोंड वाकडं करूनच, पण टाकले.

गुरुवारी सकाळी कुंदावहिनी वाटी घेऊन खाली आल्या. वाटीत रव्याचा लाडू आणि चेहरा पडलेला.

"मृदुला, हे विचारतायत, फोटो टाकणार होते ना? देवघर रिकामंच आहे."

"अहो टाकलेत की! माझ्यासमोर!"

मी धावत चौथऱ्यावर गेले. देवघर रिकामं. एक फोटो नाही. श्रीरंग मागून आला, बघितलं आणि वर दाराकडं तोंड करून, पण मला उद्देशून बोलला, "पुसले. टाकलेले पुसले! माझ्या हातचे नकोत, म्हणून पुसले!"

"असं कोण करेल रे?"

"ज्यानं स्कूटर दिली तो करेल."

दाराआडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ऐकू गेलं होतं. मी कपाळावर हात मारला.

त्याच्या हातापाया पडून मी फोटो पुन्हा घेतले आणि दुपारी स्वतः टाकले. वर जाऊन भाऊजींना म्हटलं, "आता आहेत, बघा. लगेच कामाला लागा." भाऊजी मान न वळवता "हं" म्हणाले. पण पडद्यावर मी बघितलं, त्यांनी पहिला उघडला तो बाबांचा फोटो. स्कूटरवर बसलेले बाबा, पुढं उभा दोन वर्षांचा श्रीरंग, मागं शाळेच्या गणवेशातले भाऊजी. फोटोला बुरशीचे डाग पडलेले, बाबांचा अर्धा गाल गेलेला. भाऊजी तो गाल घेऊन बसले. संध्याकाळी चहा द्यायला गेले तेव्हाही तोच फोटो. डाग गेले होते, स्कूटरचा निळा रंगसुद्धा परत आला होता.

"किती सुरेख झालाय हो!"

"देवघरातच ठेवतोय," ते म्हणाले. "इथं दुसरी प्रत नको. त्यालाही लगेच दिसू दे." आणि मग, "तो बघतो ना ग देवघर?"

"बघतो की," मी ठोकून दिलं.

शुक्रवारी सकाळी देवघर पुन्हा रिकामं.

ह्या वेळी वरून कुणी खाली आलं नाही. फक्त भाऊजींचा फोनवरचा आवाज आला, दार लावलेलं असूनही स्वच्छ: "मिस्त्री, सोमवारी नक्की या. हो, दार पण करायचंय. विटा आणूनच या."

श्रीरंगला विचारलं, तू तर नाही ना काही पुसलंस? तो माझ्यावरच उसळला. "मी तिकडं ढुंकूनही बघितलेलं नाही! तुझं ते देवघर बंद कर, मृदुला. त्यानंच सगळा घोळ झाला." आणि खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. मी नसते पडले मधे, तर निदान एकमेकांना चोर तरी ठरवलं नसतं. आता तर दोघांकडं दोन-दोन पुरावे होते.

आईंचं दोन दिवस जेवणावर लक्ष नव्हतं. मी म्हटलं, दाराच्या विटांमुळं असेल.

शुक्रवारी संध्याकाळी मी तिसऱ्यांदा फोटो टाकले. कुणाला बोलले नाही. आणि शनिवारी सकाळी, उजाडल्याबरोबर, आंघोळ करून चौथऱ्यावरच्या पायरीवर ठाण मांडलं. समोर मशीनच्या पडद्यावर देवघर उघडं. बघू कोण येतंय ते.

साडेसहा. सगळं जागच्या जागी. सातच्या जरा आधी श्रीरंग दात घासत अंगणात गेला. वरच्या गॅलरीत भाऊजी पेपर उघडून बसले, मला पायरीवरून त्यांचे पाय दिसत होते. कुंदावहिनींचा कुकर. आणि सात वाजता, माझ्या डोळ्यांदेखत, पहिला फोटो गेला.

मग दुसरा. मग तिसरा. सावकाश, एकेक.

मी अंगणात बघितलं, श्रीरंगच्या हातात ब्रश. गॅलरीत बघितलं, भाऊजींच्या हातात पेपर. मग पुसतंय कोण? भुताटकी आहे का काय! तेवढ्यात खालून, खऱ्या देवघरातून, घंटा वाजली. आईंची पूजा उरकली होती.

मी जिना कसा उतरले मला माहीत नाही.

आई पाटावर बसल्या होत्या. ओली वेणी, धूतवस्त्र, कपाळावर गंध. समोर देव चकचकीत, ताजी फुलं. बाजूला ताम्हनात कालची फुलं काढून ठेवलेली. आणि मांडीवर टॅबलेट. बोट दाबून धरलेलं, बरोबरची खूण उमटलेली. मी शिकवलेलं, तंतोतंत.

"आई! काय करताय हे?"

"काय म्हणजे? निर्माल्य काढतेय."

"कशाचं निर्माल्य?"

"तुझ्या देवघराचं. कालचं देवघरात ठेवतात का ग? तूच नाव ठेवलंस ना? मग त्याचं नको का कुणी बघायला?"

मी तिथंच भुईवर बसले. तीन दिवस! तीन दिवस दोन भाऊ एकमेकांच्या नावानं बोटं मोडतायत आणि इकडं माझी सर्वात हुशार विद्यार्थिनी रोज पूजेनंतर झाडलोट करतेय!

"आई, ते फोटो... कुठं टाकलेत हो?"

"टाकले?" आई खरंच दुखावल्या. "निर्माल्य कोण कचऱ्यात टाकतं? नदीवर तर आता पाटीच लावलीय, टाकू नका म्हणून. आपण कुठं घालतो?"

"तुळशीत."

"मग."

त्यांनी टॅबलेट माझ्याकडं वळवला. त्यांच्या स्वतःच्या टॅबलेटात, पत्त्यांच्या खेळाशेजारी, एक फोल्डर होता. नाव: तुळस. आत तीन दिवसांचं सगळं, एकावर एक रचलेलं. एकशेचाळीस फोटो दुबार, आजचे थोडे. भाऊजींनी रंगवलेले बाबा, गाल शाबूत, स्कूटर निळी. मला रडू आणि हसू एकदमच आलं.

आणि तळाशी दोन फाइली होत्या, फोटो नसलेल्या. एकीचं नाव 'दादासाठी'. दुसरीचं 'रंगासाठी'.

मी काहीच उघडलं नाही. टॅबलेट घेऊन अंगणात गेले आणि फेस आलेल्या नवऱ्यासमोर धरला. "हे तुझ्यासाठी आहे. गुरुवारी संध्याकाळपासून, तारीख बघ. दादांनी पुसलं नव्हतं, तूही नाही. आईंनी देवघर साफ केलं."

तो चूळ भरायलाही थांबला नाही. एका हातात ब्रश, एका हातात टॅबलेट. त्याच्या खांद्यावरून मीही वाचलं. खोटं कशाला बोलू.

"रंगा, स्कूटर द्यायला नको होती. तू येईपर्यंत थांबायला हवं होतं. तू बोललास त्याच्या दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याकडं गेलो होतो परत आणायला. तोवर तुकडे झाले होते. नंबरप्लेट तेवढी मिळाली. तुला द्यायची कशी ते कळेना, म्हणून पडून आहे. माझ्या कपाटात खालच्या खणात. कुलूप नाही. विसू."

श्रीरंगनं ते तीनदा वाचलं. टूथपेस्टचा ओघळ हनुवटीवरून सदऱ्यावर गेला. मग त्याला दुसरी फाइल दिसली आणि तो एकदम भानावर आला.

"ही पूस. मृदुला, ही आधी पूस."

"काय आहे त्यात?"

"काही नाही. बुधवारी फोटोंबरोबर टाकली होती. पूस म्हणतो ना!"

मी उघडलीच. एकच ओळ होती: "फोटो आईसाठी देतोय. काम झालं की हेही भंगारात देऊ नका म्हणजे मिळवली."

"छान," मी म्हटलं. "टायपिंगची एकही चूक नाही."

"मृदुला!"

पुसली. नऊ वर्षांच्या नोकरीत एवढ्या आनंदानं मी कुठलीच फाइल पुसली नाही.

तो तसाच वर गेला. तोंड पुसलं नाही की चप्पल काढली नाही. चौथऱ्यावरच्या दाराची कडी वाजली. आठ महिन्यांत न वाजलेली. मी आणि आई जिन्याखाली उभ्या. वर काही बोलल्याचा आवाज नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेवटी कुंदावहिनी धावत खाली आल्या.

"अगं, दोघं कपाटापुढं फरशीवर बसलेत. मधे ती नंबरप्लेट. श्रीरंगभाओजींच्या तोंडाला फेस. आणि दोघंही रडतायत! मी काय करू?"

"चहा ठेव," आई म्हणाल्या. "साखर जरा जास्त घाल." आणि त्या स्वतः जिन्याच्या पायरीवर बसून रडायला लागल्या.

शनिवारचा पूर्ण दिवस दोघं फिल्मला लागले होते. रविवारी सकाळी कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी कळलं की फिल्म इतकी जड झालीय, की मंगल कार्यालयातल्या टीव्हीला समजणाऱ्या पेनड्राइव्हवर ती मावतच नाही. भाऊजी म्हणाले, दोन तुकडे कर. श्रीरंग म्हणाला, लिनक्स असतं तर हे झालंच नसतं. भाऊजी म्हणाले, तुझं लिनक्स घाल चुलीत. अख्ख्या कार्यालयापुढं दोघं तावातावानं भांडत होते आणि आई पहिल्या रांगेत, नव्या साडीत, सोहळा बघावा तसं ते भांडण बघत होत्या. फिल्म दोन तुकड्यांतच दाखवली. मध्यंतरात बटाटेवडे दिले.

सोमवारी मिस्त्री विटा घेऊन हजर. कुणाच्या लक्षातच नव्हतं. भाऊजी डोकं खाजवत म्हणाले, "आलाच आहात तर आतल्या जिन्याला कठडा घाला. आईला धरायला काही नाही." विटांचा तुळशीभोवती कट्टा झाला. नंबरप्लेट चौथऱ्यावरच्या भिंतीला लागली.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. पण गेल्या दिवाळीत फराळाचं करताना मला एकदम काहीतरी खटकलं. हात चकलीच्या सोऱ्यावरच थांबला.

"आई, एक विचारू? फोटो टाकले बुधवारी संध्याकाळी. तुम्ही काढले गुरुवारी सकाळी. कार्यक्रमाचे फोटो, तेही चार दिवसांसाठी, हे तुम्हाला माहीत होतं. मग निर्माल्य कसलं?"

आईंनी पिठात आणखी पाणी घातलं. आता अठ्ठ्याऐंशीच्या आहेत, पण पीठ अजून त्याच भिजवतात.

"रंगाची चिठ्ठी वाचली होती मी," त्या म्हणाल्या. "ती विसूनं वाचली असती तर संपलंच होतं. नुसती चिठ्ठी काढली असती, तर रंगाला कळलं असतं, कुणीतरी मधे आहे. म्हणून सगळंच काढलं. आणि मग रोज काढत राहिले. पुन्हा काही लिहिलं असलं तर?"

"म्हणजे निर्माल्य वगैरे..."

"फोल्डरला तुळस नाव आधीच होतं. निर्माल्य तू दारात येऊन उभी राहिलीस तेव्हा सुचलं."

अगं बाई! मी सोऱ्या खाली ठेवला. आणि मग दुसरं काही आठवलं. "पण आई, भाऊजींची चिठ्ठी? तीही वाचून काढलीत?"

"ती नाही वाचली." त्यांनी पिठावरून हात काढला. "पहिली वाचून दोन दिवस घास उतरला नव्हता. दुसरी उघडायचा धीरच झाला नाही बघ. म्हटलं, हीसुद्धा तसलीच असणार. माझ्याच पोरावर मी विश्वास ठेवला नाही, मृदुला. तू त्या दिवशी उजाडता बसली नसतीस पायरीवर, तर दार माझ्या हातानं बंद झालं असतं."

मी त्यांचा पिठानं भरलेला हात धरला.

"विसूला सांगू नकोस हं," त्या म्हणाल्या.

"नाही सांगत."

मग त्यांनी गरम चकल्यांची वाटी भरली, माझ्या हातात न देता स्वतः उचलली आणि उठल्या. एका हातात वाटी, एका हातात कठडा. चौथऱ्यावर नेहमीसारख्या थांबल्या, नंबरप्लेटवरून हात फिरवला, तिला लागलेलं पीठ पदरानं पुसलं आणि उघड्या दारातून हाक मारली, "विसू, आहेस का रे?"